अडून बसलेला विक्रेता आणि नेरूळचे इस्टेट एजंट

रिसेलचा फ्लॅट घेताना एजंटाला दलाली नेमकी कशाची द्यायची, हा प्रश्न अनेकांना पडतो, कारण घर शोधण्याचे काम आता मोबाइलवरही होते. नेरूळमधील ज्या नोंदणीकृत एजंटांमार्फत आम्ही फ्लॅट घेतला, त्यांनी घरे दाखवण्याचे काम साधारणच केले. परंतु अडून बसलेल्या विक्रेत्याला त्यांनी ज्या रीतीने हाताळले, ते पाहता दिलेली दलाली मला वावगी वाटत नाही.

विक्रेते निवृत्त गृहस्थ होते. टोकन स्वीकारल्यावर त्यांनी शेजारच्या इमारतीतील फ्लॅट चढ्या भावाने गेल्याचे सांगून किंमत वाढवून मागितली, बँकेच्या मूल्यांककाला दारातूनच परत पाठवले आणि काही रक्कम रोख मिळावी असा हट्ट धरला. किमतीबाबत एजंटांनी वाद घातला नाही. त्याच सेक्टरमधील नोंदणीकृत व्यवहारांच्या सूची क्रमांक २ च्या (व्यवहाराची किंमत आणि क्षेत्रफळ दाखवणाऱ्या सरकारी उताऱ्याच्या) प्रती काढून त्यांच्यापुढे ठेवल्या, तेव्हा शेजारचा तो फ्लॅट क्षेत्रफळाने बराच मोठा असल्याचे उघड झाले. रोखीला मात्र एजंटांनी साफ नकार दिला. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि घेतलेल्या रकमेइतका दंड घेणाऱ्यालाच होऊ शकतो, हे ऐकल्यावर विक्रेत्या काकांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

खरी अडचण वेगळीच होती आणि ती बाहेर काढण्यातच या एजंटांचे कसब दिसले. फ्लॅट काका आणि त्यांच्या दिवंगत पत्नी यांच्या संयुक्त नावावर होता. सोसायटीत नॉमिनी म्हणून आपले नाव आहे, तेव्हा आपणच एकटे मालक, अशी काकांची समजूत होती. प्रत्यक्षात नॉमिनी हा वारसांच्या वतीने मालमत्ता सांभाळणारा विश्वस्त असतो. मृत्युपत्र नसल्यामुळे पत्नीच्या हिश्शात काकांबरोबर मुलगा आणि मुलगी यांचाही हक्क होता, आणि परदेशात राहणाऱ्या मुलाशी काकांचे फारसे बोलणे नव्हते. किमतीचा आणि रोखीचा सगळा आडमुठेपणा हा बराचसा मुलाशी बोलणे पुढे ढकलण्यासाठी होता, असे माझे मत झाले. एजंटांनी आम्हाला बाजूला ठेवून आधी मुलीशी बोलणी केली आणि तिच्यामार्फत भावाला राजी केले. त्याने तिथल्या भारतीय दूतावासात कुलमुखत्यारपत्र करून पाठवले, इथे आल्यावर तीन महिन्यांच्या मुदतीत त्यावर मुद्रांक शुल्क भरले गेले आणि दोन्ही भावंडांचे हक्कसोडपत्र नोंदवून काका एकमेव मालक झाले. अनिवासी मुलगा सहविक्रेता राहिला असता, तर त्याच्या हिश्शावर टीडीएसचे (खरेदीदाराने किमतीतून कापून भरायच्या कराचे) वेगळे आणि बरेच जड नियम लागले असते. आता ५० लाखांवरील व्यवहाराला लागू असलेला एक टक्काच कापावा लागला. तोही आपल्या किमतीतून गेला अशी काकांची तक्रार होती, पण ती रक्कम त्यांच्याच पॅनवर जमा दिसते हे एजंटांच्या कार्यालयातील मुलीने त्यांना पोर्टलवर दाखवले. जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची असल्याने हस्तांतरणाची परवानगी लागलीच. ते शुल्क कोणी भरायचे हे टोकनच्या पावतीवर लिहिलेले असल्यामुळे त्यावर एका शब्दाचाही वाद झाला नाही.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. संयुक्त मालकीचा करारनामा टोकन घेण्यापूर्वीच एजंटांच्या हाती होता, म्हणजे वारसांचा प्रश्न त्यांनी तेव्हाच विचारायला हवा होता. शिवाय ते दोन्ही बाजूंकडून दलाली घेत आहेत, हे आम्हाला करारनाम्याच्या मसुद्यापर्यंत सांगितले गेले नाही. या दोन गोष्टींमुळे मी पाचपैकी चारच गुण देईन. सरळ व्यवहारात, म्हणजे एकच मालक आणि कर्जमुक्त फ्लॅट असेल तिथे, याच दलालीत घासाघीस अवश्य करावी.