फ्लॅटच्या दारावर कॅमेरा: बॅटरीवाला की वायरचा?

फ्लॅटसाठी कॅमेरा घ्यायचा तर प्रश्न शेवटी दोघांत अडतो. एक बॅटरीवर चालणारा वाय-फाय कॅमेरा. दुसरा पीओई, म्हणजे एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही नेणारा, घरातल्या रेकॉर्डरला जोडलेला. मी दोन्ही वापरले आहेत. मेगापिक्सेलच्या चर्चेत शिरत नाही. दाराशी उभ्या माणसाचा चेहरा दोन्हींत नीट ओळखू येतो.

बॅटरीवाल्याची सोय खरंच मोठी. भिंत फोडायची नाही, घर सोडताना काढून नेता येतो.

मला मात्र एक गोष्ट फार खटकली. बॅटरी पुरवायची म्हणून हा कॅमेरा एरवी झोपलेला असतो आणि पीआयआर सेन्सरने, म्हणजे शरीराच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरने, हाक दिली की जागा होतो. आडवा जाणारा माणूस या सेन्सरला चटकन कळतो, सरळ समोरून येणारा उशिरा. आता पॅसेज डोळ्यांसमोर आणा: तुमच्याकडे आलेला माणूस सरळ दाराकडे चालत येतो आणि शेजारी दारासमोरून आडवे जातात. त्यामुळे शेजारच्या मुलांच्या प्रत्येक फेरीची सूचना मोबाइलवर येते, आणि पार्सल ठेवून गेलेल्या माणसाची फक्त पाठ दिसते. सेन्सर तीव्र केला की बॅटरी भराभर उतरते, सौम्य केला की माणूसच सुटतो. काही मॉडेलं आधीचे दोन-चार सेकंदही जपून ठेवतात, त्याने थोडा फरक पडत असेल. माझं समाधान झालं नाही.

वायरचा कॅमेरा झोपतच नाही. कोण आलं, किती वेळ घुटमळलं, सगळं सलग सापडतं. शिवाय इमारतीत प्रत्येक घरात राउटर, आणि वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकांच्या आड न येणारी चॅनेल जेमतेम तीन: १, ६ आणि ११. त्यात लोखंडी सेफ्टी डोअर मध्ये आलं की वाय-फाय अडखळतं. केबलला ही कटकट नाही. रेकॉर्डर आणि पीओई स्विच (कॅमेऱ्यांच्या केबलमध्ये वीज सोडणारा डबा) एका छोट्या यूपीएसवर टाकले की वीज गेली तरी कॅमेरे चालू राहतात.

त्रास बसवतानाचा. ड्रिलिंग आलं, आणि पॅसेजची भिंत सामाईक असल्याने सोसायटीची परवानगीही आधी घ्यावी. अरुंद पॅसेजमध्ये कॅमेरा भिंतीला अगदी चिकटवू नका. रात्री इन्फ्रारेड प्रकाश भिंतीवरून उलटतो आणि चित्र पांढरं पडतं. समोरच्यांचं दार प्रायव्हसी मास्कने, म्हणजे चित्रातला तेवढा भाग झाकणाऱ्या कॅमेऱ्याच्या सेटिंगने, झाका, आवाजाचं रेकॉर्डिंग बंद ठेवा, आणि हे त्यांना स्वतः जाऊन दाखवा. रेकॉर्डिंग आपल्याच घरातल्या डिस्कवर राहतं हे कळल्यावर माझ्या शेजाऱ्यांची नाराजी बरीच निवळली.

भाड्याने थोडेच महिने राहणार असाल तर बॅटरीवाला घ्यायला हरकत नाही, फक्त तो दारावर न लावता बाजूच्या भिंतीवर लावा, म्हणजे येणारा त्याच्यापुढून आडवा जाईल. घर स्वतःचं असेल, तर मी तरी एक दिवसाची धूळ सोसून केबलच ओढून घेईन.