विमानाचा सातबारा आणि माझे ९२ हजार

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका हॉटेलात, जुन्या विमानाच्या एका ओळखपाटीसाठी, मी ४५ हजार रुपये रोख पुढे केले, तेव्हा त्या माणसाने ते न मोजताच खिशात घातले. म्हणाला, "काका, तुमच्यावर विश्वास हाय की." मला इतकं बरं वाटलं, की परतीच्या गाडीत बसण्याआधी घरी न्यायला अर्धा किलो कंदी पेढे घेतले. त्या प्रवासात फुकट न गेलेली वस्तू म्हणजे ते पेढेच.

मी सांगलीचा. पस्तीस वर्षं पंपांच्या कारखान्यात काम केलं, त्यातली शेवटची दहा तपासणी विभागात. छंद मात्र वेगळाच: जंगलांच्या भागात, तळ्या-नद्यांवर उतरणारी जुनी विमानं. त्यांना बुश प्लेन म्हणतात. सांगलीत बसून कॅनडातल्या विमानांचा छंद कसा लागतो, असं सगळेच विचारतात. आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं, घरटी एक माणूस फौजेत. वडील हवाई दलात फिटर होते. नेफामधल्या, म्हणजे आजच्या अरुणाचलातल्या, आखूड धावपट्ट्यांवर रसद पोचवायला तेव्हा कॅनडाहून घेतलेली ऑटर विमानं होती. ४१ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचं नावच ऑटर. ती चाकांवरची, पाण्यावरची नव्हेत. पण एकच इंजिन, वर सलग पंख आणि बैलासारखं पुढे काढलेलं नाक, हे चित्र वडिलांनी मला पाटीवर काढून दाखवलेलं. पुढे कळलं, की ऑटर बनवणाऱ्याच कंपनीचं याहून लहान विमान म्हणजे बीव्हर. १६ ऑगस्ट १९४७ ला टोरांटोजवळ डाउन्सव्ह्यूला ते पहिल्यांदा उडालं. १९६७ पर्यंत सोळाशेच्या वर बनली आणि त्यातली शेकडो आजही कामावर आहेत. नऊ सिलिंडरचं, ४५० अश्वशक्तीचं इंजिन. इंजिनचं तेल भरायचं तोंड चक्क पायलटच्या खोलीत, म्हणजे उडता उडता तेल ओतता येतं. ज्याला यंत्रांची आवड आहे त्याने अशा गोष्टीच्या प्रेमात पडू नये तर काय करावं?

२०२३ च्या उन्हाळ्यात मुलीकडे व्हँकुव्हरला तीन महिने होतो. रोज सकाळी डबा घेऊन कोल हार्बरच्या धक्क्यावर बसायचो. विमान आलं की शेपटीजवळची अक्षरं वहीत टिपायची आणि रात्री त्याचा पूर्वेतिहास शोधायचा. आपल्याकडच्या माणसाला हे काम एका वाक्यात समजतं: विमानाची नोंदणीची अक्षरं म्हणजे मालकाचं नाव, आणि कारखान्याचा क्रमांक म्हणजे गट नंबर. नाव बदलतं, देश बदलतो, फेरफार होत राहतात. गट नंबर तोच. कॅनडाच्या आणि अमेरिकेच्या नोंदवह्या घरबसल्या पाहता येतात. अमेरिकी लष्कराने शेकडो बीव्हर घेतली आणि नंतर मोडीत काढून विकली. मग ती अलास्कात, तिथून ब्रिटिश कोलंबियात. असा एकेक सातबारा जुळवताना रात्रीचे दोन वाजायचे. आधीच्या वीस वर्षांच्या वह्या २०१९ च्या पुरात गेल्या होत्या. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर चढलं, तेव्हा आमच्या तळमजल्यावरचं कपाट तरंगत होतं. त्यामुळे नव्या वहीचं मला जरा जास्तच अप्रूप होतं.

ही पार्श्वभूमी सांगायचं कारण, फसवणाऱ्याला ती सगळी माहीत होती. मीच सांगितली होती. जुनी घड्याळं, नाणी, रेडिओ यांच्या खरेदी-विक्रीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथे मी बीव्हरचे फोटो टाकायचो, पूर आणि वह्यांचं रडगाणंही एकदा गाऊन झालं होतं. महिन्याभरात एकाचा खासगी मेसेज आला. मूळचा सातारकर, मामा कॅनडात विमानांच्या फ्लोटची (पाण्यावर तरंगायला चाकांऐवजी लावतात ते तराफे) दुरुस्ती करायचे, ते वारले, त्यांच्या पेटीत एका बीव्हरची डेटा प्लेट आणि लॉगबुक, म्हणजे नोंदींची वही, आहे. "कुणा भंगारवाल्याला देण्यापेक्षा तुमच्यासारख्या जाणकाराकडे गेलेलं बरं, काका."

जाणकार! ह्या शब्दाची किंमत मी ९२ हजार मोजली.

डेटा प्लेट म्हणजे कारखान्याने विमानाला ठोकलेली धातूची ओळखपाटी. गाडीचा चेसिस नंबर म्हणा. विमानाची कायदेशीर ओळख तीच. इंजिन बदलतं, पंख बदलतात, पाटीवरचा क्रमांक बदलत नाही. १० डिसेंबर २०१९ ला व्हँकुव्हरला एक बीव्हर विजेच्या मोटरवर उडवलं. साठी उलटलेलं विमान, पोटात बॅटऱ्या, तरी कागदोपत्री ते जुनंच. म्हणूनच पाटीला मोल असतं: कधीकधी पाटी आणि चार जुने तुकडे घेऊन बाकी विमान नव्याने उभं करतात. आणि म्हणूनच सुटी पाटी विकायला आली, तर पहिला प्रश्न असा पडायला हवा, की विमान कुठे आहे? अमेरिकेत तर परवानगीशिवाय पाटी काढायलाच बंदी आहे आणि काढलेली दुसऱ्या विमानाला लावणं हा गुन्हा. हे मी वाचलेलं होतं. विचारलंही. तो म्हणाला, विमान तळ्यात बुडून खल्लास झालं. बरं, म्हटलं.

मी काय केलं ते नीट सांगतो, कारण चूक इथेच आहे. त्याने पाठवलेला क्रमांक मी तीन रात्री बसून शोधला. लष्कर, मग अलास्का, मग कॅनडातले दोन मालक. त्याने दिलेल्या यादीशी एकन् एक फेरफार जुळला. लॉगबुकच्या पानाच्या फोटोत फ्लोटचं मॉडेल होतं ईडीओ कंपनीचं ४५८०. ईडीओच्या क्रमांकाचा अर्थ असा, की एक फ्लोट तितके पौंड वजन तोलतो. दोन फ्लोटचे ९,१६० पौंड. नियम सांगतो, विमानाच्या वजनाच्या १८० टक्के तोलायची ताकद हवी. फ्लोटवरच्या बीव्हरचं वजन ५,०९० पौंड. कॅल्क्युलेटरवर भागाकार केला, जवळजवळ १.८ आलं. मी बायकोला उठवून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, गणित बरोबर आलं म्हणजे माणूस बरोबर झाला का?" आणि कूस बदलून झोपली.

मी तपासला तो त्या विमानाचा इतिहास. पाटी तपासलीच नाही. तो इतिहास खराच होता, कुणालाही मिळतो तिथूनच त्याने उचलला होता, आणि मीही तिथेच जाऊन त्याची खातरजमा केली. म्हणजे गावात खरोखर गट नंबर आहे एवढं पाहून समोरचा माणूस त्याचा मालक आहे असं मानण्यासारखं. जमिनीच्या व्यवहारात ही चूक मी कधी केली नसती. आपण स्वतः रात्र जागवून शोधलेल्या गोष्टीवर माणसाचा फार जीव बसतो.

पैसे असे गेले: यूपीआयने विसार १५ हजार. साताऱ्यात कागदांच्या झेरॉक्स बघून ४५ हजार रोख. आठवड्याने निरोप, की कॅनडाहून आलेलं पार्सल मुंबईत बॅलार्ड पियरच्या फॉरेन पोस्टात कस्टमने अडवलंय, २२ हजार भरायचेत. तेही एका बाईंच्या खात्यावर, "एजंट आहेत" म्हणून. मग गोदामभाडं म्हणून १० हजार. पोस्टातून येणाऱ्या पार्सलची ड्युटी वैयक्तिक खात्यावर भरत नाहीत, तिची पावती मिळते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला त्या वेळी कळलं नाही. साठ हजार अडकले की पुढचे बत्तीस माणूस आपण होऊन देतो.

गंमत म्हणजे पार्सल आलं! साध्या देशी कुरिअरने, परदेशी शिक्का ना तिकीट. पाटी होती, लॉगबुक होतं. वस्तू पाठवण्यातच त्याची हुशारी. हातात काहीच आलं नसतं तर मी दुसऱ्या दिवशी बोंब मारली असती. इथे बारा दिवस मी पाटी मखमलीवर ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होतो.

तेराव्या दिवशी कारखान्यातला माझा जुना सहकारी चहाला आला. पाटी उलटी केली आणि म्हणाला, "ह्याच्या मागं उठाव कुठाय?" बस. हाताने नंबर पंच केला की पातळ पत्र्याच्या मागे आकड्याचा उठाव येतो, खोली कमी-जास्त होते, एखादा आकडा तिरका बसतो. पंपाच्या हजारो नेमप्लेटा आम्ही अशा पाहिल्या. या पाटीवरचे आकडे सगळे सारख्या खोलीचे, कडा किंचित जळालेल्या. लेसर मार्किंग. विमान १९५० च्या दशकातलं आणि जगातला पहिला लेसर १९६० चा. गंज पुढच्या बाजूला भरपूर, मागे पत्रा लख्ख. रिव्हेटच्या भोकांना झिजेची खूण नाही. दहा वर्षं तपासणी विभागात काढलेल्या माणसाने हे बारा दिवस पाहिलं नाही, कारण मी पाटी पाहतच नव्हतो, मी वडिलांना पाहत होतो.

मग लॉगबुक उघडून नव्या नजरेने वाचलं. १९५७ च्या नोंदीत विमानाचा लष्करी प्रकार लिहिलाय यू-६ए. पण १९६२ पर्यंत लष्कर बीव्हरला एल-२० म्हणायचं, यू-६ए हे नाव त्या वर्षी आलं. १९६८ च्या कॅनडातल्या नोंदीत अक्षरं 'सी', रेघ, मग एफपासून चार अक्षरं अशी. ती पद्धत १९७४ नंतरची. आधी 'सीएफ', मग रेघ, मग तीन अक्षरं. रेघ एका घराने सरकली, तेवढ्यात सगळं उघडं पडलं. लिहिणाऱ्याने आजच्या याद्या समोर ठेवून जुन्या तारखा घातल्या होत्या, आणि आजच्या याद्यांत नावं आजच्या पद्धतीने असतात. हे दोन्ही बदल मला तोंडपाठ होते. पानं चहाने पिवळी केली होती. बायकोला वास आला, मला नाही.

शेवटचा खिळा मीच ठोकला. नोंदवहीप्रमाणे ते विमान अजून चालू होतं, बुडालं वगैरे काही नाही. हे मी त्या तीन रात्रींत वाचलं होतं आणि 'नोंद काढायची राहिली असेल' असं स्वतःला समजावलं होतं. सध्याच्या मालकांना चार ओळींची मेल लिहिली. दोन दिवसांनी उत्तर आलं, सोबत फोटो: त्यांची पाटी जागेवर, रंगाचे जुने थर तिच्या कडेवर चढलेले. विमानाचा नंबर मी इथे देत नाही, त्या बिचाऱ्यांचा यात काय दोष? पण ती मेल मी साताऱ्याची गाडी पकडण्याआधी पाठवली असती तर खर्च शून्य होता.

१९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला तो पहिले पैसे गेल्यानंतर जवळजवळ सहा आठवड्यांनी. लवकर कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येते. माझी तोवर दोन खाती ओलांडून गेली होती. रोख पैशांचा तर पुरावाच नाही. पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही विमान घेणार होता?" नाही म्हटलं, फक्त नंबरप्लेट. त्यांनी पेन खाली ठेवलं. तरी तक्रार नोंदवून घेतली, हे सांगायला हवं. चॅटचे स्क्रीनशॉट, यूपीआयचे व्यवहार क्रमांक आणि कुरिअरचं पाकीट जपून ठेवलं होतं, तेवढंच कामाला आलं.

जुन्या विमानाचा सुटा भाग, पाटी, प्रोपेलर, काहीही कुणी दाखवलं, तर त्या वस्तूचा आजच्या पेपरशेजारी ठेवलेला फोटो मागा, मागच्या बाजूचाही. झेरॉक्सवर पैसे देऊ नका. आणि ते विमान सध्या ज्याच्या नावावर आहे त्याला विचारा. ही माणसं उत्तर देतात, खुशीने देतात.

गेल्या आठवड्यात तशाच एका दुसऱ्या ग्रुपवर पुन्हा एक पाटी विकायला आली. किंमत ७५ हजार, मामाऐवजी या वेळी आजोबा. फोटो माझ्याच पाटीचा, फक्त क्रमांकातले दोन आकडे बदललेले. मी खाली माझ्या पाटीचा फोटो टाकला. दहा मिनिटांत ॲडमिनने मलाच ग्रुपमधून काढलं. म्हणून इथे लिहितोय: डाव्या वरच्या भोकापासून मधल्या ओळीपर्यंत एक तिरका ओरखडा आहे, टोकाला किंचित वळलेला. तो ओरखडा असलेली पाटी सांगलीत माझ्या कपाटात आहे.