रफी, होकी, लिंग की ओरिओ? न्यूझीलंडच्या खोल पाण्यातल्या फिलेटांचा हिशेब

न्यूझीलंडच्या सुपरमार्केटात फ्रीझरमधली माशांच्या फिलेटांची, म्हणजे काटे काढलेल्या मांसाच्या तुकड्यांची, पाकिटं एकसारखी दिसतात. सगळी पांढरी, कातडी सोललेली, डोकं-शेपूट गायब. किमतीचा क्रम साधारण असा: होकी सगळ्यांत स्वस्त, मग लिंग, आणि सगळ्यांत वर ऑरेंज रफी. मराठी स्वयंपाकघरासाठी आमचा निकाल आधीच सांगून टाकतो. कालवणाला लिंग, कुरकुरीत तळायला होकी, आणि रफी फक्त बिनमसाल्याचं खाणाऱ्यांनी घ्यावी.

खोल पाण्यातला मासा म्हणजे उत्तम मासा, हा समज आधी काढून टाका. सातआठशे मीटरखाली खाद्य कमी असतं, म्हणून तिथल्या पुष्कळ माशांच्या अंगात मांस कमी आणि पाणीच जास्त. स्मूदहेडसारखे मासे जाळ्यात ढिगाने येतात, पण बोंबलापेक्षाही पाणचट असल्याने त्यांना गिऱ्हाईक नाही. बोंबलाला निदान चव तरी असते! ऑरेंज रफीचं तसं नाही. ती समुद्राखालच्या डोंगरांभोवती राहते, तिथल्या जोरदार प्रवाहात पोहत राहते आणि प्रवाहाबरोबर आलेलं खाद्य टिपते. म्हणून तिचं मांस घट्ट भरतं.

रफीला एवढा भाव चवीमुळे येत नाही. फिलेट मोत्यासारखं पांढरं, पाकळ्या मोठ्या, माशाचा वास जवळजवळ नाहीच. ज्यांना मासा माशासारखा लागलेला चालत नाही, त्या अमेरिकी गिऱ्हाइकाला नेमकं हेच हवं होतं. दुसरं कारण धंद्याचं आहे. मासा बोटीवरच डोकं-पोट काढून गोठवायचा, किनाऱ्यावर आणून वितळवायचा, फिलेट कापायची आणि पुन्हा गोठवायची, एवढं सोसूनही रफीचा पोत फारसा बिघडत नाही. बहुतेक मासे दुसऱ्या गोठवणीत चोथा होतात.

तिच्यात एक खोट आहे. रफीच्या अंगातलं तेल नव्वद टक्क्यांहून जास्त मेणाच्या जातीचं असतं आणि ते माणसाला पचत नाही. या तेलाचा मोठा साठा कातडीखालच्या थरात असतो, म्हणून कारखान्यात कातडीबरोबर हा थरही खोलवर सोलून काढतात. सोलणी उथळ झाली तर फिलेटच्या बाहेरच्या अंगाला तपकिरी-नारिंगी पट्टा राहतो. असं फिलेट भरपेट खाल्लं तर तेलकट जुलाब होऊ शकतात. पट्टा दिसला तर सुरीने खरवडून टाका, आणि पाकिटभर तसेच तुकडे असतील तर परत करा. काढलेलं तेल वाया जात नाही, सौंदर्यप्रसाधनांत आणि वंगणात जातं.

वयाचा मुद्दाही किमतीत आहेच. रफी शंभरीपार जगते, आणि अंडी घालण्याच्या वयाला येईपर्यंत वीस-तीस वर्षं लागतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडच्या पूर्वेला समुद्राखाली असलेल्या चॅथम राइज या उंचवट्यावर मासेमारी सुरू झाली, तेव्हा हे वय फारच कमी धरलं गेलं होतं. अंडी घालायला जमलेल्या थव्यांवर ट्रॉल (बोटीमागे ओढायची मोठी जाळी) फिरले, साठे कोसळले, किती मासा पकडायचा त्याचा कोटा कापावा लागला. माल मर्यादित आहे तो यामुळे. शंभर वर्षांचा जीव आगळ-तिरफळाच्या रश्श्यात बुडवायचा आणि चव लागावी ती मसाल्याचीच, यात काही अर्थ नाही. लोणी, मीठ, लिंबू पुरे.

होकी याच्या अगदी उलट. हा मासा लवकर वाढतो, त्याचं मांस मऊ आणि पाकळ्या नाजूक असतात. रश्श्यात पाच मिनिटांत भुगा होतो, तेव्हा कालवणाचा विचारच सोडा. कातडीकडच्या बाजूने मधोमध चरबीची तपकिरी रेघ जाते. ही चरबी फ्रीझरमध्येसुद्धा हळूहळू खवट होते. पाकिटावर ही रेघ काढल्याचं लिहिलं असेल तर थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही. शिवाय होकी कॉडच्या गणातली. या गणातल्या माशांचं मांस फ्रीझर पुरेसा थंड नसेल तर साठवणीत कोरडं आणि दोरखंडी होत जातं. घरच्या फ्रीझरमध्ये दोन महिन्यांच्या वर ठेवू नये.

तळताना तुकडे कागदावर दाबून पूर्ण कोरडे करा. हळद, तिखट, मीठ, आल्या-लसणाची गोळी घट्टच लावा, पातळ मसाला घसरतो. वरून रवा आणि तांदळाचं पीठ निम्मं-निम्मं. दोन सेंटिमीटर जाडीला मध्यम-मोठ्या आचेवर एका बाजूला तीन मिनिटं, आणि एकदाच उलटायचं. दुसऱ्यांदा उलटायला गेलात की तुकडा तव्यावरच मोडलाच.

आता लिंग. काउंटरवर नाव घेताना मराठी माणूस जरा कचरतो, ते सोडा. मीटरभर लांब, वामेसारखा निमुळता मासा, मांस दाट आणि चिवटपणाकडे झुकणारं. सुरमईची तुकडी ज्या कामाला लागते, ते काम हा करतो. जाड भाग मागून घ्या, शेपटीकडचा नको. चार सेंटिमीटरचे तुकडे करून मिठात पंधरा मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी टाकून द्या. वाटणाला उकळी आल्यावर कोकमं आणि तुकडे सोडा, झाकण ठेवून पाच-सहा मिनिटं. डाव घालू नका, पातेलंच हलवा. दहा मिनिटांवर गेलं की रबर होतं. लाँगलाइनवर, म्हणजे गळ लावलेल्या लांब दोरीवर, पकडलेला लिंग मिळाला तर तोच घ्या. ट्रॉलच्या जाळ्यात मासा चेंगरतो आणि मांसात रक्ताचे डाग राहतात.

ओरिओ डोरीचं डोकं मोठं, मांस कमी. फिलेट रफीसारखंच पांढरं आणि घट्ट, तेलही मेणाच्याच जातीचं, म्हणून पट्टा इथेही बघायचा. स्वस्त मिळाली तर रफीऐवजी बेलाशक घ्या.

कोणतंही पाकीट उचलताना घटकांची यादी वाचा. ४५१ किंवा ४५२ हे आकडे असतील तर पाणी धरून ठेवणारं फॉस्फेट घातलंय. म्हणजे तुम्ही पाण्याचे पैसे देताय, आणि असा तुकडा कुरकुरीत होत नाही. पाकिटात आत बर्फाचे मोठे स्फटिक साचले असतील तर माल वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठलाय. वितळवायचं ते फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, चाळणीत, रात्रभर. नळाखाली धरलं तर चव पाण्याबरोबर जाते.

घरात गरोदर बाई किंवा लहान मुलं असतील तर रफीत पारा जास्त असतो हे लक्षात ठेवा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या अन्नमानक संस्थेचा सल्ला आहे: आठवड्यातून एकदाच, आणि त्या आठवड्यात दुसरा मासा नाही.