तळघरातल्या खेळघरासाठी जोडणीच्या फोम मॅट

तळघराच्या उघड्या कोब्यावर ईव्हीए फोमच्या ६० सेंमी चौरस मॅट उत्तम, पण २० मिमी जाडीच्याच घ्या. १० मिमीची गुडघा टेकला की दबते आणि खालचा गार, टणक कोबा लागतो. ३ बाय ३.६ मीटरला ३० मॅट लागतात.

अंथरण्याआधी ४५ सेंमीचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून २४ तास कोब्यावर ठेवा. खाली थेंब दिसले किंवा कोबा काळपट पडला, तर आधी ओलीचा बंदोबस्त करा. फोम पाणी पीत नाही, त्यामुळे ओल खालीच कोंडते आणि कुबट वास सुटतो. भिंतीलगत १ सेंमी फट सोडा, नाहीतर सांधे उचलतात. चढायच्या शिडीखाली मात्र ही मॅट अजिबात पुरत नाही, तिथे जाड गादीच हवी.