एकट्या माणसासाठी नाशिक: माझे चार तारे

तिशीत, लग्न न झालेलं असताना नाशकात करमतं का, असं पुण्याचे मित्र विचारतात. करमतं, झकास करमतं! फक्त रात्री उशिराच्या नाशकाकडून फार अपेक्षा ठेवू नका. कॉलेज रोड, गंगापूर रोडला कॅफे भरपूर, पण लोक आपापल्या घोळक्यानं येतात. नवी ओळख क्वचितच होते.

इथली मजा सकाळची. पांडवलेणीच्या पायऱ्या रोज चढा, तेच चेहरे दिसतात, हळूहळू नावं कळतात. मग रविवारी अंजनेरी नाहीतर ब्रह्मगिरी ठरतं आणि उतरल्यावर मिसळ. भरल्या हॉटेलात समोरची खुर्ची रिकामी राहत नाही. 'बसू का?' म्हणत कुणीतरी बसतं, रश्श्याची वाटी तुमच्याकडे सरकवतं, पापड मोडता मोडता 'कुठले तुम्ही?' आणि गप्पा जिलेबीपर्यंत.

सुला वायनरीला मधल्या वारी जा. शनिवार-रविवार मुंबईकरांची झुंबड असते.

आणि रंगपंचमी चुकवू नका. वर्षभर बुजवून ठेवलेल्या पेशवेकालीन रहाडी जुन्या नाशकात त्या दिवसासाठी उघडतात. रंगाच्या त्या दगडी हौदात उडी मारली की ओळख ना पाळख, चार हात वर ओढून घेतात. असं अंगावर येणारं आपलेपण मला दुसऱ्या शहरात मिळालं नाही.

एक तारा कापला तो घरांसाठी. एका सोसायटीनं 'फॅमिलीलाच देतो' म्हणून मला दारातूनच परत पाठवलं. शोधताना हे आधी फोनवरच विचारून घ्या.