माणूस थेट पगारावर घ्यायचा की ठेकेदाराकडून?

ऑर्डर वाढली, दहा-बारा माणसं हवीत, अशा वेळी भारतातला बहुतेक लघुउद्योजक आधी ठेकेदाराला फोन लावतो. 'पीएफ, ईएसआयची (कामगारांच्या आरोग्य विम्याची) कटकट नको' हे कारण असतं. मी बरीच वर्षं कारखान्यात पगारपत्रकं केली आहेत. कटकट कमी होते हे खरं, पण खर्च कमी होतो ही समजूत एकदा कागदावर तपासून पाहा.

समजा मूळ पगार 15,000 आहे. थेट घेतलेल्या माणसासाठी मालकाचा पीएफ 12 टक्के, शिवाय विमा आणि प्रशासकीय शुल्क मिळून आणखी 1 टक्का, म्हणजे 1,950. ईएसआय 3.25 टक्के, 488. बोनस किमान 8.33 टक्क्यांनी पूर्ण पगारावर धरला तर 1,250. ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना द्यायच्या एकरकमी रकमेसाठी, महिन्याला 721 बाजूला टाकायचे. एकूण 19,409. रजेचा पगार यात धरलेला नाही.

आता ठेकेदार. त्याच्या माणसालाही हे सगळं कायद्याने द्यावंच लागतं. त्यावर त्याचं सेवा शुल्क 7 टक्के धरलं तर 20,768, आणि पूर्ण बिलावर 18 टक्के जीएसटी लागून 24,506. तुमच्या मालावर जीएसटी असेल तर तो तुम्ही भरायच्या करातून वळता होतो, नसेल तर तेवढा भुर्दंड. म्हणजे प्रामाणिक ठेकेदार थेट माणसापेक्षा महागच पडतो. मग एखादा 17,500 ला माणूस देतो तो कसा? उरलेले पैसे कामगाराच्या खिशातूनच जातात.

आमच्याकडे पॅकिंगला असाच एक मुलगा होता. दुपारच्या सुट्टीत त्याने मोबाईलवर पीएफचं पासबुक उघडून माझ्यापुढे धरलं. शेवटची नोंद आठ महिन्यांपूर्वीची होती. पगाराच्या चिठ्ठीवर मात्र दर महिन्याला 1,800 कापलेले. "साहेब, माझे पैसे गेले कुठे?" एवढंच त्याने विचारलं. ठेकेदार तोवर फोन उचलेनासा झाला होता. ती रक्कम आम्हीच भरली, कारण ठेकेदाराने बुडवलेला पगार आणि पीएफ शेवटी मुख्य मालकाच्या, म्हणजे काम करून घेणाऱ्या कारखान्याच्या, गळ्यात येतो. उशीर झाला त्यावरचं व्याज वेगळं. त्या मुलाचा चेहरा मी विसरलेलो नाही.

थेट भरतीला लोक घाबरतात ते 'माणूस चिकटला की निघत नाही' म्हणून. लहान कारखान्यापुरती ही भीती फुगवलेली आहे. 300 पेक्षा कमी कामगार असतील तर नव्या औद्योगिक संबंध संहितेनुसार (नव्या कामगार कायद्यांपैकी एक) कामगार कपातीला सरकारची परवानगी लागत नाही. वर्षभर काम केलेल्या कामगाराला महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार द्यावा लागतो.

काम खरंच हंगामी असेल तर मुदतीच्या नेमणुकीचा विचार करा. 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. मुदतीच्या कामगाराला कायम कामगारासारखेच लाभ मिळतात आणि पाचऐवजी एका वर्षातच ग्रॅच्युइटी लागू होते. मुदत संपली की नेमणूक आपोआप संपते. वर्षातले चार-सहा महिने गर्दी असणाऱ्या कारखान्याला माझ्या मते हाच मार्ग बरा.

सफाई, सुरक्षा, कँटीन ही कामं ठेकेदाराकडे द्यायला हरकत नाही. मशीनवरचं रोजचं मुख्य काम मात्र देऊ नका. 50 किंवा जास्त कंत्राटी कामगार असतील तर काही अपवाद वगळता त्याला कायद्याने बंदीच आहे. शिवाय हात बसलेला माणूस दर तीन महिन्यांनी बदलला तर रिजेक्शन, म्हणजे नाकारला जाणारा खराब माल, वाढतं.

तरीही ठेकेदारच घ्यायचा ठरला, तर बिल मंजूर करण्याआधी मागच्या महिन्याचं पीएफ चलन मागा. नुसतं चलन नको, सोबत नावांची आणि यूएएन क्रमांकांची (प्रत्येक कामगाराचा कायमचा पीएफ क्रमांक) यादीही हवी. ती गेटवरच्या हजेरीशी स्वतः ताडून पाहा, आणि एखाद्या कामगाराला त्याचं पासबुक उघडून दाखवायला सांगा.