फ्रँकफर्टला मावशीकडे उतरायचं की पहिल्या दिवसापासून आपली खोली घ्यायची?

नागपुरात एखाद्या घरी जर्मनीचा व्हिसा हातात पडला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मावशी आहे ना तिथं, मग खोलीला पैसे काहून घालवायचे?" कुठे मावशी असते, कुठे चुलतभाऊ, कुठे बाबांच्या ऑफिसातल्या कोणाचा तरी जावई. आमच्या प्रतापनगरच्या घरीही हेच बोलणं झालं, आणि २०१८च्या नोव्हेंबरात मी दोहामार्गे फ्रँकफर्टला उतरून थेट मावशीकडे, फ्रँकफर्टजवळच्या बाड होम्बुर्गला गेले. अकरा आठवडे राहिले. माझ्याच बॅचची धरमपेठेतली एक मैत्रीण त्याच महिन्यात फ्रँकफर्टला आली. तिचं तिथं कोणीच नव्हतं, म्हणून तिनं खोली घेतली. गेल्या वर्षी माझा मामेभाऊ माझ्याकडे दोन महिने राहून गेला, त्यामुळे आता यजमानाची बाजूही मला कळली आहे. हे तिन्ही अनुभव शेजारी शेजारी ठेवते. पुढचे सहा महिने कसे जाणार हे या एका गोष्टीवर बरंच ठरतं, आणि आपल्याकडे ती गोष्ट फोनवर दोन मिनिटांत ठरून जाते.

पहिले चौदा दिवस

जर्मनीत राहायला गेलात की १४ दिवसांत महापालिकेच्या नागरिक कार्यालयात पत्ता नोंदवायचा असतो. तिथले सगळे भारतीय याला आनमेल्डुंगच म्हणतात. ही नोंदणी झाली की करक्रमांक टपालानं येतो, बँकेचं काम सोपं होतं, राहण्याच्या परवान्याचं पुढचं पाऊल पडतं. मात्र नोंदणीसाठी ज्याच्या घरात तुम्ही राहता त्याच्या सहीचा दाखला लागतो.

इथं मावशीचं घर सरळ जिंकतं. मी चौथ्या दिवशी काकांबरोबर कार्यालयात गेले, त्यांनी सही केलेला कागद दिला आणि वीस मिनिटांत बाहेर आले. मैत्रिणीनं नागपुरातूनच सहा आठवड्यांसाठी एक सामानासकट खोली ठरवली होती. चावी हातात घेताना तिला कळलं की या पत्त्यावर नोंदणी करता येणार नाही. अशा तात्पुरत्या खोल्या भरपूर असतात, आणि जाहिरातीत ही गोष्ट कुठेतरी तळाशी एका ओळीत असते, नाहीतर नसतेच. दुसरी खोली मिळेपर्यंत तिचं सगळं अडून राहिलं. करक्रमांक वेळेत दिला नाही तर पगारातून सर्वांत चढ्या वर्गानं कर कापला जाऊ शकतो. पुढे तो पैसा परत मिळतो, पण पहिल्या पगाराच्या वेळी हाताशी नसतो.

नोंदणीच्या अर्जात धर्मही विचारतात, कारण तिथल्या मान्यताप्राप्त चर्चच्या सदस्यांकडून सरकार चर्चकर वसूल करतं. आपल्याला हे माहीत नसतं. माझ्या वेळी काकांनी उत्तर देऊन टाकलं. मैत्रिणीनं आधी सगळं वाचून काढलं होतं आणि स्वतः सांगितलं. हा फरक तेव्हा किरकोळ वाटला होता.

एक गोष्ट मावशीकडे राहणाऱ्यांनी लक्षात ठेवायलाच हवी. जर्मनीत पत्त्यात फ्लॅटचा नंबर बहुधा नसतो. पोस्टमन पत्रपेटीवरचं आडनाव बघतो आणि त्या पेटीत पत्र टाकतो. मावशीचं आडनाव वेगळं, माझं वेगळं. माझं बँकेचं कार्ड मावशीच्या पत्त्यावर म्हणून निघालं, पाठोपाठ पिनचं पत्र निघालं, आणि पिनचं पत्र परत गेलं. दहा दिवस मी रोज संध्याकाळी ती राखाडी पेटी उघडून बघत होते. शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी पेटीवरच्या नावावर बोट ठेवून मान हलवली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मावशीनं त्याच रात्री कागदाची पट्टी कापली, माझं आडनाव ठळक अक्षरांत लिहिलं आणि काकांच्या नावाखाली चिकटटेपनं लावलं. दुसऱ्या दिवसापासून पत्रं यायला लागली. विमानतळावरून घरी पोचल्यावर चहाच्या आधी हे करा.

पैसा

यात फार बोलण्यासारखं नाही, हिशेब एकाच बाजूला झुकतो. मैत्रिणीला नंतर फ्रँकफर्टच्याच बोकेनहाइम भागात दोघींसोबत सामायिक फ्लॅटमधली खोली मिळाली, तिथल्या भाषेत वे-गे. नुसतं भाडं ५२० युरो, पाणी आणि हीटिंग धरून ६२०. अनामत तीन महिन्यांच्या नुसत्या भाड्याइतकी, म्हणजे १,५६०. कायद्यानं याहून जास्त अनामत मागता येत नाही, आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. हे नवीन माणसाला कोणी आपणहून सांगत नाही. मला यातलं काहीच लागलं नाही. दर घरटी महिना १८.३६ युरो जी रेडिओ-टीव्हीची प्रसारण वर्गणी असते, तीही मावशीच्या घराची आधीच भरली जात होती.

पूर्ण फ्लॅट घेणार असाल तर अजून एक धक्का असतो. कित्येक फ्लॅट स्वयंपाकघराशिवाय मिळतात. ओटा नाही, शेगडी नाही, छताला दिव्याच्या जागी नुसत्या वायरी. आपल्या मनीषनगरच्या भाड्याच्या फ्लॅटसारखं चित्र डोळ्यांसमोर ठेवून जाऊ नका.

मावशीकडे माझा खर्च वाढला तो प्रवासाचा. नातेवाईक बहुतेक वेळा शहराबाहेर राहतात, कारण त्यांनी संसार मांडलेला असतो. बाड होम्बुर्गहून मी रोज एस-फाइव्ह लोकलनं यायचे. आता देशभर चालणारं डॉइचलांड तिकीट, म्हणजे लोकल-बसचा महिन्याचा पास आहे, २०२३च्या मे महिन्यात ४९ युरोला सुरू झालं, २०२६पासून ६३ युरो. बंद करायचं तर त्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत कळवावं लागतं.

घरातलं घरपण

खरी तुलना इथं आहे.

नोव्हेंबरात तिथं साडेचारलाच अंधार पडतो. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री अंगावर घेणाऱ्या नागपूरकराला थंडीचं सगळे सांगतात, त्या अंधाराचं कोणी सांगत नाही. अशा संध्याकाळी दार उघडल्यावर फोडणीचा वास आला तर माणूस सावरतो. मावशी माझ्यासाठी जेवायची थांबायची. एकदा तिनं गोळाभात केला होता, वर कढत तेल, सोबत चिंचेचं सार. मी ताटावर बसून रडले होते, आणि ती काही न बोलता पाठीवरून हात फिरवत राहिली. मैत्रिणीनं पहिला महिना ब्रेड, दही आणि आईनं दिलेल्या चटण्यांवर काढला. डिसेंबरात ती तापानं फणफणली तेव्हा तिला पाणी द्यायलाही कोणी नव्हतं. खोलीचा हिशेब करताना आजारपण धरावं.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मावशी जेवायला थांबते म्हणजे साडेआठच्या आत घरी पोचणं आलं. ऑफिसमधले लोक शुक्रवारी बाहेर जायचे, मी नाही म्हणायचे. तीनदा नाही म्हटल्यावर विचारणं बंद झालं. एका रात्री लोकल रखडली, मला पोचायला दहा वाजले. सकाळी उठले तर आईचा फोन: "काल इतक्या उशिरा कुठून येऊन राहिली होतीस गं?" हिवाळ्यात नागपूर साडेचार तास पुढे असतं, त्यामुळे मी डोळे उघडायच्या आत बातमी प्रतापनगरला पोचलेली. मावशीचा हेतू वाईट नव्हता. बहिणीची लेक तिच्या जबाबदारीवर होती, आणि तिनं ती जबाबदारी तिला येत होती तशी पार पाडली. पण सव्वीस वर्षांच्या मुलीला परदेशात पुन्हा बारावीतल्यासारखं वाटायला लागलं, हेही खरं.

भाषेचं नुकसान मला सगळ्यांत उशिरा कळलं. घरात दिवसरात्र मराठी, ऑफिसात इंग्रजी, आणि जर्मन लागली की काका. डॉक्टरांची वेळ काकांनी घेतली, विम्याच्या कंपनीशी काका बोलले, मोबाइलचा करार काकांनी वाचला. फेब्रुवारीत मी स्वतःच्या घरी गेले त्या आठवड्यात हीटर बंद पडला. इमारतीच्या देखभाल करणाऱ्याला, तिथल्या हाउसमाइस्टरला, फोन करायचा होता. आकडा लावून मी दोनदा ठेवून दिला. तोवर मैत्रीण त्याच्यासारख्या माणसाशी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये भांडून आपलं काम करून घेत होती. कचऱ्याचे चार डबे, रात्री दहानंतरची शांतता, रविवारी ड्रिल चालवायचं नाही, दार मागे ओढलं की चावी आत राहते: हे सगळं तिनं चुका करून शिकून टाकलं होतं. माझ्या चुका मावशीनं आधीच अडवल्या, त्यामुळे त्या मला नंतर एकटीनं कराव्या लागल्या.

यजमानाचं काय

मामेभाऊ यायचा म्हटल्यावर मी घरमालकाला पत्र लिहून परवानगी मागितली. पाहुणा काही आठवडे राहिला तर प्रश्न येत नाही, पण भाची, पुतण्या, मामेभाऊ यांना पत्ता नोंदवून ठेवायचं तर परवानगी लागते. मावशीनं माझ्या वेळी हे केलं होतं, मला ते सहा वर्षांनी कळलं. पाण्याचं आणि हीटिंगचं बिल वर्षाअखेरीस वाढून येतं. घरातली एक खोली जाते. माझा मुलगा दोन महिने आमच्या खोलीत झोपला.

पैसे द्यायचे का, यावर आपल्याकडे फार अवघडलेपण असतं. "पोरीकडून पैसे घेऊ का मी?" असं मावशी म्हणणारच. शनिवारचा किराणा माझा, असं मी दुसऱ्या आठवड्यात ठरवून टाकलं. भाज्या, तांदूळ, डाळ, दूध, सगळं मी आणायचे. मावशीनं आठवडाभर कुरकुर केली, मग यादी स्वतःच लिहून द्यायला लागली. मामेभावाशी मात्र मी तिकीट काढायच्या आधीच तारीख बोलले: ३१ ऑक्टोबरपर्यंत घर शोधायचं. मामीला वाईट वाटलं, हे मला माहीत आहे. पण तारीख होती म्हणून तो पहिल्या आठवड्यापासून खोल्या बघत होता आणि आमच्यात एकदाही खटका उडाला नाही. माझ्या वेळी तारीख नव्हती. अकराव्या आठवड्यात मी घर सापडल्याचं सांगितलं तेव्हा मावशीला ते अचानक वाटलं, आणि "आमचं काही चुकलं का?" हा तिचा प्रश्न मला अजून टोचतो.

एक सही जपून मागा

विद्यार्थ्याला व्हिसासाठी बंद खात्यात (ज्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते) वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिना ९९२, दाखवावे लागतात. त्याला एक पर्याय आहे: जर्मनीत राहणाऱ्या नातेवाईकानं सरकारदरबारी हमीपत्र द्यायचं. नागपुरात हे "मावशीनं फक्त एक सही करायची" असं सांगितलं जातं. तो फार मोठा भार आहे. तुमच्या राहण्यापोटी तिथल्या सरकारला खर्च करावा लागला तर पाच वर्षांपर्यंत तो सही करणाऱ्याकडून वसूल होऊ शकतो. माझं मत स्पष्ट आहे. शैक्षणिक कर्ज काढा, पण आई-बाप सोडून कोणाकडे ही सही मागू नका.

मग तुम्ही काय करावं

विद्यार्थी असाल आणि वसतिगृहात खोली मिळत असेल तर तीच घ्या, मावशी त्याच शहरात असली तरी. प्रवेशाचं पत्र येताच अर्ज करा, कारण प्रतीक्षायादी लांब असते. सणावारी मावशीकडे जा.

नोकरीसाठी एकटे जात असाल आणि जवळचं कोणी तिथं असेल, तर उतरा त्यांच्याकडेच. सहा ते आठ आठवडे, तारीख ठरवून. कार्यालयात त्यांना सोबत न्या, पण बोला तुम्ही. फोन तुम्ही लावा, त्यांना नुसतं शेजारी बसवा. माझी चूक इथंच झाली होती.

लहान मुलांसह जात असाल तर नातेवाईकाच्या घरात राहू नका, त्यांच्यापासून दोन स्टेशनांवर घर घ्या. दोन कुटुंबांचं एका स्वयंपाकघरात महिन्याच्या वर निभत नाही, सख्ख्या बहिणी असल्या तरी.

तिथं ओळखीचं असं कोणीतरी असेल, पण राहण्याइतकं जवळचं नसेल, तर त्यांच्याकडे घर मागू नका, एक शनिवार मागा. नागपुरात बसून फोटोवर खोली पसंत केली आणि अनामत पाठवली की फसवणुकीला दार उघडतं. मालक सांगतो की तो परदेशी आहे, पैसे आले की चावी टपालानं पाठवतो. चावी कधी येत नाही. तुमच्या वतीनं कोणीतरी त्या दारापर्यंत जाऊन घंटी वाजवली, खोली बघितली, नोंदणी होईल का एवढं विचारलं, तर माझ्या मैत्रिणीचे ते सहा आठवडे तुमच्या वाट्याला येणार नाहीत. ही मदत कोणीही आनंदानं करतं.

आणि मावशीकडेच जायचं ठरलं, तर तिकिटाआधी एक फोन करा, आईला बाजूला बसवून न करता. घरमालकाची परवानगी मिळेल का, मी कोणत्या खोलीत झोपणार, कोणत्या तारखेपर्यंत राहू, किराणा माझ्याकडे देशील का, एवढं विचारून घ्या. सामानात मसाला भरपूर न्या, सावजीचाही चालतो. मांस आणि दुधाचे पदार्थ मात्र युरोपात नेता येत नाहीत, म्हणून खव्याची संत्राबर्फी घरीच ठेवावी लागेल. मावशी तीच मागेल, तिला आधीच सांगून ठेवा.